रेव्हिट मॉडेल आणि बाहेरचा डेटा: आधी मालकी ठरवा, मग की, मग सॉफ्टवेअर

प्रश्न थोडक्यात असा आहे. रुग्णालयाच्या इमारतीचं रेव्हिट (इमारत माहितीसकट त्रिमितीत मांडण्याचं सॉफ्टवेअर) मॉडेल चालू आहे. कुठल्या खोलीत काय हवं (ऑक्सिजनचे पॉइंट, सॉकेट, फ्लोअरिंग, अपेक्षित क्षेत्रफळ) याची यादी क्लायंटची माणसं एक्सेलमध्ये भरतात. दारांचं शेड्यूल, म्हणजे दारांचा तक्ता, मॉडेलमध्ये आहे. दर आणि क्वांटिटी एस्टिमेटवाल्यांच्या तिसऱ्याच फाइलमध्ये आहेत. तिन्हीकडे बदल होत राहतात, आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि विचारणा आहे की हे जोडायला कुठलं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) घ्यावं.

प्लगइनबद्दल पुढे लिहिलं आहे. पण त्याआधी दोन गोष्टी कागदावर ठरायला हव्यात: कुठला आकडा कोणाच्या मालकीचा, आणि मॉडेलमधली वस्तू व टेबलातली ओळ एकच आहे हे कशावरून ओळखायचं, म्हणजे त्यांची 'की' कोणती. एवढं ठरलं असेल तर फुकटच्या साधनानेही जोडणी नीट चालते. ठरलं नसेल तर कितीही महागडं साधन आणलं तरी पहिल्या महिन्यातच कोणीतरी म्हणतं, 'मी भरलेलं पुसलं कोणी?'

कुठला आकडा कोणाचा

सगळ्या फील्डची यादी करा: खोलीचा नंबर, नाव, विभाग, अपेक्षित क्षेत्रफळ, प्रत्यक्ष क्षेत्रफळ, सीलिंगची उंची, फ्लोअरिंग, ऑक्सिजन पॉइंट, दाराची रुंदी, फायर रेटिंग, हार्डवेअर सेट, दर. प्रत्येकापुढे एकच मालक लिहा, मॉडेल किंवा बाहेरचं टेबल. 'दोन्ही' हे उत्तर स्वीकारू नका. विक्रेते 'टू-वे सिंक' (दोन्ही बाजूंची माहिती एकमेकांशी जुळवून घेणं) म्हणतात तेव्हा त्याचा खरा अर्थ एवढाच असायला हवा की काही फील्डं इकडून तिकडे जातात आणि काही तिकडून इकडे येतात. एकच फील्ड दोन्हीकडून बदलता येत असेल तर शेवटी ज्याने सिंक केलं त्याचं खरं धरलं जातं, आणि आधीच्याला ते कळतही नाही.

माझा ठोकताळा असा: जे भूमितीतून मोजून निघतं ते मॉडेलचं. जी गरज आहे किंवा कोणीतरी घेतलेला निर्णय आहे ते बाहेरच्या टेबलाचं. म्हणून 'अपेक्षित क्षेत्रफळ' आणि 'प्रत्यक्ष क्षेत्रफळ' ही दोन वेगळी फील्डं लागतात. पहिलं टेबलातून मॉडेलमध्ये येतं, दुसरं मॉडेलमधून टेबलात जातं. एक्सेलमध्ये दुसऱ्या कॉलमला कुलूप लावा. मॉडेलमध्ये असं कुलूप सहज लावता येत नाही, म्हणून बाहेरून येणाऱ्या सगळ्या पॅरामीटरच्या (मॉडेलमधल्या वस्तूवरच्या माहितीच्या रकान्यांच्या) नावाआधी एकच खूण ठेवा, उदाहरणार्थ 'डीबी_'. प्रॉपर्टीज पॅलेटमध्ये ती खूण दिसली की इथे हाताने भरलेलं पुढच्या सिंकला पुसलं जाणार, हे ड्राफ्ट्समनला न सांगता कळतं.

दर मॉडेलमध्ये आणूच नका. भिंतीच्या किंवा दाराच्या टाइपला फक्त आयटम कोड द्या, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतला असो की तुमच्या बीओक्यूमधला (कामाच्या बाबी आणि क्वांटिटींच्या यादीतला). दर, उपकर, वाढीव टक्के सगळं बाहेर राहू द्या. नवी दरसूची लागू झाली की टेबल बदलेल, मॉडेलला हात लावायची गरजच पडणार नाही.

की: बहुतेक जोडण्या इथेच मोडतात

जोडणीसाठी की म्हणून लोक पहिल्यांदा खोलीचा नंबर किंवा दाराचा मार्क (दाराला दिलेला क्रमांक) घेतात. तो माणसाला वाचता येतो म्हणून सोयीचा वाटतो. पण डिझाइन चालू असताना नंबर बदलतच असतात. मजल्यावर मधेच एक स्टोअर रूम आली की पुढचे सगळे नंबर सरकतात आणि २१५ ची माहिती निमूटपणे २१६ ला चिकटते. तोच मार्क दोन दारांना दिला तर रेव्हिट इशारा देतं, अडवत नाही. नंबर दाखवायला वापरा, जोडायला नको.

एलिमेंट आयडी (रेव्हिटने प्रत्येक वस्तूला दिलेला क्रमांक) हा साधा पूर्णांक असतो आणि तो त्या एका फाइलपुरताच वेगळा असतो. स्ट्रक्चरच्या मॉडेलमध्ये आणि आर्किटेक्चरच्या मॉडेलमध्ये तोच आकडा दोन निराळ्या वस्तूंना असू शकतो. शिवाय रेव्हिट २०२४ पासून हा आकडा ३२ बिटांवरून ६४ बिटांवर गेला. जुन्या डेटाबेसमध्ये तो साध्या इंट कॉलमात ठेवला असेल तर कॉलम बिगइंट करून घ्या, आणि जुन्या स्क्रिप्टमध्ये 'इंटिजर व्हॅल्यू' असेल तिथे 'व्हॅल्यू' वापरा.

युनिक आयडी याहून भरवशाचा. तो ४५ अक्षरांचा असतो: ३६ अक्षरांचा जीयूआयडी (आपोआप बनणारी, दुसऱ्या कशाशी न जुळणारी ओळख), मग एक डॅश, मग ८ षोडशमान अंक. नाव बदला, नंबर बदला, वस्तू दुसरीकडे सरकवा, तो तसाच राहतो. पण त्याचीही एक जागा आहे जिथे तो फसवतो, आणि ती आपल्याकडच्या कामात हमखास येते. टॉवर ए ची फाइल 'सेव्ह ॲज' करून टॉवर बी बनवला की दोन्ही फाइलींतल्या सगळ्या वस्तूंचे युनिक आयडी सारखेच राहतात. दोन्ही टॉवर एकाच टेबलात आणले की बी ची दारं ए च्या दारांवर लिहिली जातात आणि एकूण संख्या निम्मी दिसते. म्हणून की नेहमी जोडीची ठेवा: मॉडेलचा कोड अधिक युनिक आयडी. मॉडेलचा कोड प्रोजेक्ट इन्फर्मेशनमध्ये एका पॅरामीटरला भरून ठेवा आणि 'सेव्ह ॲज' केल्यावर पहिलं काम म्हणून तो बदला. फाइलच्या नावावर भिस्त ठेवू नका, नावामागे तारीख आणि 'फायनल' लागत राहतात.

आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची देवाणघेवाण करण्याचं खुलं स्वरूप) मार्गे जाणाऱ्यांना आयएफसी जीयूआयडी मिळतो, २२ अक्षरांचा. त्यात लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात. एक्सेलचं व्हीलुकअप मात्र हा फरक करत नाही, आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचं नेहमीचं कोलेशनही (अक्षरं ताडून पाहण्याचा नियम) करत नाही. एकाच फॅमिलीच्या (एकाच साच्यातल्या) शेजारी-शेजारी ठेवलेल्या वस्तूंचे हे आयडी बऱ्याचदा शेवटच्या एक-दोन अक्षरांतच वेगळे असतात. तिथे मोठा 'ए' आणि लहान 'ए' एकच धरला गेला की दोन दारांपैकी एकाची माहिती दोघांना लागते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये या कॉलमला बायनरी किंवा केस-सेन्सिटिव्ह कोलेशन द्या. पॉवर क्वेरी (एक्सेलमधलं डेटा आणण्याचं साधन) अक्षरांचा फरक पाळते, पण पुढे पॉवर बीआय या अहवालाच्या साधनाच्या डेटा मॉडेलमध्ये गेल्यावर तो पुन्हा सुटतो. तिथे आयडीला जोडून एक साधा अनुक्रमांक काढा आणि संबंध त्यावर बांधा.

राहिला आपला स्वतःचा कोड. रुग्णालयाच्या कामात खोल्यांसाठी मी हाच सुचवेन, कारण गरजांची यादी आराखड्याच्या कितीतरी आधी तयार होते. खोली मॉडेलमध्ये काढलेलीच नसते तेव्हाही टेबलातल्या ओळीला ओळख लागते. ड्राफ्ट्समनने खोली पुसून नव्याने टाकली तर युनिक आयडी जातो, पण कोड पुन्हा भरता येतो. फक्त या कोडला एक रोग आहे. रेव्हिटमध्ये वस्तू कॉपी केली की टेक्स्ट पॅरामीटरमधली किंमतही (म्हणजे त्यात भरलेली व्हॅल्यू, रुपये नव्हे) कॉपी होते. एका वॉर्डची मांडणी उचलून वरच्या मजल्यावर ठेवली की एकच कोड दोन खोल्यांना.

यावर उपाय असा. प्रत्येक सिंकच्या वेळी टेबलात कोडसोबत त्या वस्तूचा युनिक आयडीही साठवा. पुढच्या वेळी एक कोड दोन खोल्यांवर सापडला तर साठवलेला युनिक आयडी ज्या खोलीशी जुळतो ती मूळ, बाकीच्या कॉपी. कॉपींचा कोड रिकामा करून त्यांना 'नवीन, ओळख हवी' या यादीत टाका. ही तपासणी सिंकच्या आधी झाली पाहिजे, नंतर केली तर चुकीचं लिहून झालेलं असतं.

दारांना आणि खिडक्यांना स्वतःचा कोड सहसा लागत नाही. ती मॉडेलमध्येच जन्मतात, तिथे मॉडेल कोड अधिक युनिक आयडी पुरतो. पण शेड्यूलमध्ये युनिक आयडी हे फील्ड मिळत नाही. म्हणून छोट्या स्क्रिप्टने तो एका टेक्स्ट पॅरामीटरमध्ये लिहून घ्यावा, आणि कॉपीचा रोग त्यालाही लागतो म्हणून प्रत्येक एक्स्पोर्टच्या आधी ती स्क्रिप्ट पुन्हा चालवावी.

हे सगळे पॅरामीटर शेअर्ड पॅरामीटर (अनेक मॉडेलांत वापरायचे सामाईक) असू द्या, आणि शेअर्ड पॅरामीटरची फाइल सगळ्या ऑफिसला एकच. त्या फाइलमध्ये प्रत्येक पॅरामीटरला स्वतःचा जीयूआयडी असतो. दोन जणांनी आपापल्या फाइलीत 'फायर रेटिंग' बनवलं की नाव एक, पॅरामीटर दोन. शेड्यूलमध्ये एकाच नावाचे दोन कॉलम दिसायला लागतात आणि एकात अर्धी दारं, दुसऱ्यात अर्धी. स्क्रिप्टने नावावरून शोधलं तर त्यातला जो आधी सापडेल तो हाती येतो. म्हणून शोध नावाने नको, जीयूआयडीने करा.

मॉडेलमध्ये लिहिताना

मॉडेलमधून वाचणं निर्धोक आहे. परत लिहिताना मात्र शिस्त लागते. डायनॅमो म्हणजे 'नोड' नावाचे ठोकळे तारांनी जोडून रेव्हिटसाठी स्क्रिप्ट बनवण्याचं साधन. त्यात सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही: एका बाजूला 'सगळी दारं' असा नोड, दुसऱ्या बाजूला एक्सेलमधून आलेला फायर रेटिंगचा कॉलम, आणि दोन्ही तारा थेट 'सेट पॅरामीटर बाय नेम' मध्ये. इथे पहिल्या दाराला पहिली ओळ, दुसऱ्याला दुसरी, अशी जोडी लागते. मधे कोणी एक्सेलमध्ये मजल्यानुसार सॉर्ट केलं की जिन्याच्या दाराचं १२० मिनिटांचं रेटिंग शौचालयाच्या दारावर जातं. डायनॅमो एकही लाल चौकट दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं नीट झालेलं असतं. एक्सेलच्या की-कॉलमवरून आणि किमतींवरून डिक्शनरी (की दिली की तिची किंमत देणारी यादी) बनवा, आणि प्रत्येक दाराची की देऊन त्यातून किंमत काढा. आणि रन 'ऑटोमॅटिक'वर कधीही ठेवू नका, नेहमी 'मॅन्युअल'.

लिहिण्याचा क्रम, मग साधन डायनॅमो असो, पायरेव्हिट (रेव्हिटमध्ये पायथन स्क्रिप्ट चालवण्याचं साधन) असो की सी-शार्पचं ॲड-इन:

१. मॉडेलमधून की आणि सध्याच्या किमती वाचा. टेबलातून की आणि नव्या किमती वाचा.

२. कीवर जोडून तीन ढीग करा: दोन्हीकडे आहेत, फक्त मॉडेलमध्ये आहेत, फक्त टेबलात आहेत. दुसरा आणि तिसरा ढीग आपोआप निस्तरू नका, माणसासमोर ठेवा.

३. पहिल्या ढिगातून फक्त फरकांची यादी काढा: की, फील्ड, जुनी किंमत, नवी किंमत. ती फाइलमध्ये साठवा आणि कोणीतरी नजरेखालून घालू द्या. रोजच्या सिंकमध्ये अचानक निम्म्या ओळी बदललेल्या दिसल्या तर तो बदल नसतो, कॉलम सरकलेला असतो.

४. फक्त फरक असलेल्याच किमती लिहा. वर्कशेअरिंगमध्ये (अनेकजण एकाच मॉडेलवर काम करताना) एखाद्या वस्तूला तीच किंमत पुन्हा लिहिली तरी ती वस्तू तुमच्या नावावर उचलली जाते, आणि तुम्ही सिंक करेपर्यंत बाकीच्यांचं काम अडतं.

५. सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा, म्हणजे एका अनडूने मागे येता येतं.

६. जे लिहिता आलं नाही त्याची नोंद कारणासह ठेवा: दुसऱ्याने उचललेली वस्तू, रीड-ओन्ली पॅरामीटर, मजकुराच्या जागी आकडा.

७. लिहून झालं की पुन्हा पहिल्या पायरीपासून तुलना करा. फरक शून्य यायला हवा. शून्य येत नसेल आणि प्रत्येक वेळी तेच फरक परत येत असतील, तर ती बहुधा एककांची किंवा पूर्णांकनाची भानगड आहे.

एककं

रेव्हिटच्या पोटात लांबी नेहमी दशांश फुटांत, क्षेत्रफळ चौरस फुटांत, घनफळ घनफुटांत आणि कोन रेडियनमध्ये असतो, प्रोजेक्टचं एकक मिलिमीटर असलं तरीही. ९०० मिमीचं दार आत २.९५२७५६ असं असतं. १२.५ चौ. मी. ची खोली १३४.५५ अशी. एपीआयमधून (स्क्रिप्टने थेट रेव्हिटशी बोलण्याचा मार्ग) लिहिताना ९०० तसंच पाठवलं तर दार २७४.३२ मीटर रुंद होतं. हे निदान लगेच दिसतं. न दिसणारी चूक म्हणजे साध्या नंबर प्रकारच्या पॅरामीटरमध्ये क्षेत्रफळ ठेवणं. त्याला एककच नसल्याने ते चौ. मी. आहे की चौ. फूट, हे पुढच्या माणसाला कळायला मार्ग नसतो. डायनॅमोचे नोड प्रोजेक्टच्या एककांत किंमत देतात, एपीआय फुटांत देतो. एकाच स्क्रिप्टमध्ये दोन्ही मिसळत असतील, म्हणजे डायनॅमोच्या आत पायथन नोड असेल, तर तिथे थांबून तपासा.

रूपांतरणाचे आकडे स्वतः लिहिण्याऐवजी एपीआयचं युनिट युटिल्स वापरा. मात्र जुन्या स्क्रिप्टमधलं 'डिस्प्ले युनिट टाइप' रेव्हिट २०२२ पासून निघून गेलं आहे, त्याच्या जागी फोर्ज टाइप आयडी द्यावा लागतो. टेबलाच्या बाजूला कॉलमच्या नावातच एकक लिहा: 'रुंदी_मिमी', 'क्षेत्र_चौमी'. आणि तुलना करताना लांबीला ०.५ मिमी एवढी सूट ठेवा. दशांश किंमत फुटांतून मिलिमीटरमध्ये आणि परत गेली की शेवटचे अंक हलतात, आणि न बदललेली दारंही फरकाच्या यादीत येऊन बसतात.

एक्सेलच्या खोडी

एक्सेल टाळा असं मी म्हणणार नाही. क्लायंटच्या मेट्रनबाई ऑक्सिजनचे पॉइंट एक्सेलमध्येच भरणार आहेत, एसक्यूएलमध्ये नाही. पण त्याला डेटा भरण्याचा फॉर्म समजा, डेटाबेस समजू नका.

खोलीचा नंबर ००७ असेल तर एक्सेल त्याचा ७ करतं. १-२ असेल तर तारीख करतं. तिसरा मजला, पूर्व विंग, पाचवी खोली म्हणून मधे इंग्रजी 'ई' घालून ३ई०५ असा नंबर दिला तर सीएसव्ही उघडताना एक्सेल त्याला वैज्ञानिक पद्धतीचा आकडा समजून ३,००,००० करतं. पूर्व विंगच्या खोल्याच तेवढ्या 'सापडत नाहीत' असं दिसलं की हेच झालेलं असतं. सीएसव्ही डबल-क्लिक करून उघडू नका. पॉवर क्वेरीतून आणा आणि नंबर-कोडचे कॉलम 'टेक्स्ट' म्हणून जाहीर करा. खोल्यांची नावं मराठीत असतील तर सीएसव्ही बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर एक्सेलमध्ये 'शस्त्रक्रियागृह' च्या जागी चौकोन आणि विचित्र चिन्हं दिसतील. मर्ज केलेले सेल, रंगाने दाखवलेला अर्थ ('पिवळं म्हणजे फायनल') आणि मधल्या बेरजेच्या ओळी यांना फाइलमध्ये बंदी घाला. स्क्रिप्टला रंग दिसत नाही, आणि बेरजेची ओळ तिला खोलीच वाटते.

रिकाम्या सेलचा अर्थही आधी ठरवा. 'अजून ठरलं नाही' की 'मॉडेलमधलं पुसा'? माझा आग्रह असा की रिकामं म्हणजे हात लावू नका, आणि पुसायचं असेल तर एक ठरावीक शब्द लिहा.

मॉडेलचा आकडा बरोबर, तरी बिलाचा वेगळा

जोडणी नीट झाल्यावर पुढची तक्रार येते की क्वांटिटी चुकतेय. बहुतेकदा ती चुकत नसते, मोजण्याचा नियम वेगळा असतो.

प्लास्टर घ्या. भिंतीचं नेट क्षेत्रफळ देताना रेव्हिट प्रत्येक दार-खिडकीची जागा वजा करतं. आयएस १२०० (बांधकामाची मापं घेण्याचं भारतीय मानक) प्रमाणे ०.५ चौ. मी. पर्यंतच्या उघडणीची वजावट होत नाही. त्याहून मोठ्या पण ३ चौ. मी. पर्यंतच्या उघडणीला, दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल तर एकाच बाजूची वजावट होते आणि जांब-सिलचं (उघडणीच्या बाजूच्या आणि खालच्या कडांचं) वेगळं मोजत नाहीत. ३ चौ. मी. च्या वर दोन्ही बाजू वजा आणि जांब, सिल, सॉफिट (वरची कड) मिळवायचे. म्हणजे १.२ × १.२ मीटरच्या एका खिडकीमागे मॉडेल २.८८ चौ. मी. वजा करतं आणि मेजरमेंट बुक १.४४. रुग्णालयात अशा शेकडो खिडक्या असतात, कंत्राटदाराशी वाद तिथूनच सुरू होतो. उपाय: मॉडेलमधून भिंतीचं ढोबळ माप आणि प्रत्येक उघडणीचं माप वेगवेगळं बाहेर काढा, आणि वजावटीचा नियम टेबलाच्या बाजूला लावा. नियम बदलला किंवा कंत्राटात वेगळा असला तर मॉडेलला हात लावावा लागत नाही.

हीच गोष्ट खोल्यांच्या क्षेत्रफळाची. रेव्हिट ते नेहमीच्या सेटिंगमध्ये भिंतीच्या फिनिशपर्यंत मोजतं. गृहप्रकल्पात रेराच्या २०१६ च्या कायद्यातला कार्पेट एरिया मात्र फ्लॅटच्या आतल्या पार्टिशन भिंतींची जागा धरतो, आणि बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी, खुली गच्ची वगळतो. त्यामुळे फ्लॅटच्या खोल्यांची बेरीज म्हणजे कार्पेट एरिया नव्हे. ११५ मिमी जाडीच्या १२ मीटर पार्टिशनमागे १.३८ चौ. मी., म्हणजे जवळपास १५ चौ. फुटांचा फरक पडतो. यासाठी वेगळी एरिया स्कीम (रेव्हिटमधली क्षेत्रफळ मोजण्याची स्वतंत्र मांडणी) करून त्या सीमारेषा आखा आणि टेबलात तो आकडा पाठवा. सगळ्या प्रोजेक्टची सेटिंग बदलून भिंतीच्या मध्यापर्यंत मोजू नका, तेही रेराचं माप नाही आणि फ्लोअरिंगची क्वांटिटीही बिघडते.

मोजणीत घुसणाऱ्या नको त्या वस्तू

प्लॅनमधून खोली डिलीट केली तरी ती मॉडेलमधून जात नाही. 'नॉट प्लेस्ड' म्हणून राहते, क्षेत्रफळ शून्य. शेड्यूलमधून ओळ डिलीट केली तरच ती खरी जाते. एक्स्पोर्टमध्ये शून्य क्षेत्रफळाच्या खोल्या वेगळ्या काढा आणि त्यातल्या 'नॉट एन्क्लोज्ड' वेगळ्या. पहिल्यांचं काय करायचं ते विचारायचं असतं, दुसऱ्यांची भिंत जोडायची असते.

डिझाइन ऑप्शन असतील तर एपीआय सगळ्या पर्यायांतल्या वस्तू देतो. दोन पर्यायांत दोन प्रकारची ओपीडी असेल तर दारं दोन्हीकडची मोजली जातात. मुख्य पर्याय आणि पर्यायाबाहेरच्या वस्तू एवढंच घ्या. दाराची 'टू रूम' आणि 'फ्रॉम रूम' (दार कुठल्या खोलीतून कुठल्या खोलीत जातं) ही फेजवर, म्हणजे कामाच्या टप्प्यावर, अवलंबून असते, म्हणून जुन्या इमारतीच्या नूतनीकरणात कुठल्या फेजसाठी वाचताय ते स्क्रिप्टमध्ये स्पष्ट सांगा.

ग्रुपमधल्या (एकत्र बांधून पुन्हापुन्हा वापरलेल्या संचातल्या) वस्तूंवर लिहायचं असेल तर शेअर्ड पॅरामीटर प्रोजेक्टमध्ये जोडतानाच 'ग्रुपच्या प्रत्येक इन्स्टन्सला किंमत वेगळी असू शकते' हा पर्याय निवडा. तो टेक्स्ट पॅरामीटरला मिळतो, की टेक्स्टमध्येच ठेवण्याचं आणखी एक कारण हे. तो पर्याय निवडला नसेल तर वॉर्डच्या ग्रुपमधल्या एका जागेच्या खाटेला सगळ्या वॉर्डांत एकच किंमत राहते.

शेड्यूलमधून टेक्स्ट फाइल काढत असाल तर 'आयटमाइझ एव्हरी इन्स्टन्स' चालू आहे ना, एवढं पाहा. ते बंद असेल तर ओळी एकत्र होतात आणि फरक असलेल्या जागी 'व्हेरीज' येतं.

आता साधनं

फक्त मॉडेलमधून बाहेर न्यायचं असेल तर शेड्यूलची टेक्स्ट फाइल आणि पॉवर क्वेरी एवढं पुरतं, काहीही विकत घेऊ नका. दोन्ही दिशांना थोडं आणि ऑफिसमध्ये डायनॅमो जाणणारा एकजण असेल, तर डायनॅमो. एक्सेल वाचायला ओपन एक्सएमएलचे नोड वापरा, त्यांना मशीनवर एक्सेल असावं लागत नाही. रोजचं काम ड्राफ्ट्समननेच करायचं असेल तर डायरूट्सचं शीटलिंक फुकट आहे, आयडिएटचं बिमलिंक विकत मिळतं. दोन्ही मॉडेल ते एक्सेल आणि परत असा रस्ता देतात. आर्किकॅड (रेव्हिटसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना प्रॉपर्टीच्या किमती एक्सेलमध्ये काढून परत घेण्याची सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे.

मोठ्या रुग्णालयासाठी ड्रोफस पाहावं. ते मूळचं नॉर्वेचं, आणि खोलीनिहाय गरजा व उपकरणं यांच्याच भोवती बांधलेलं आहे. अपेक्षित आणि प्रत्यक्ष क्षेत्रफळाची तुलना, खोलीची डेटाशीट, उपकरणांची यादी हे त्यात तयार मिळतं आणि रेव्हिट, आर्किकॅड दोन्हींशी जोडता येतं. तुम्ही सांगितलेल्या अडचणीला हेच सगळ्यात जवळचं आहे. पण मालकीचा तक्ता आणि कोड त्यातही तुम्हालाच ठरवावे लागतील.

टीममध्ये रेव्हिट, टेकला (स्ट्रक्चरच्या मॉडेलचं सॉफ्टवेअर), आर्किकॅड असं मिश्रण असेल तर आयएफसी आणि आयएफसी ओपनशेल ही मुक्त पायथन लायब्ररी. मात्र हा रस्ता वाचण्यापुरताच धरा. आयएफसीत केलेला बदल मूळ मॉडेलमध्ये परत आणण्याच्या नादी लागू नका. नेव्हिसवर्क्समध्ये (अनेक मॉडेल एकत्र पाहण्याचं सॉफ्टवेअर) डेटाटूल्समधून ओडीबीसीने (डेटाबेसशी जोडण्याची प्रमाणित पद्धत) डेटाबेस जोडता येतो. साइटवर वस्तूला क्लिक करून तिची ऑर्डर आणि डिलिव्हरी पाहायला तेवढं पुरतं. नागपूर मेट्रोच्या कामात महामेट्रोने ५डी बीआयएम वापरलं, म्हणजे मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च दोन्ही जोडले. त्या आकाराची कामं एक्सेलवर चालत नाहीत, तिथे खरा डेटाबेस आणि तो सांभाळणारा माणूस दोन्ही लागतात.

टेबलाची रचना आणि गेलेल्या वस्तू

डेटाबेस करणार असाल तर निदान हे कॉलम हवेत: मॉडेल कोड, युनिक आयडी, तुमचा कोड, कॅटेगरी, पहिल्यांदा दिसल्याची तारीख, शेवटचं दिसल्याची तारीख, स्थिती. मॉडेलमध्ये न सापडलेली ओळ कधीही पुसू नका. तिची स्थिती 'मॉडेलमध्ये नाही' करा. कोणी वर्कसेट (मॉडेलचा वेगळा उघडता-मिटता येणारा भाग) बंद ठेवून मॉडेल उघडलं, किंवा लिंक (जोडलेली दुसरी मॉडेल फाइल) अनलोड असताना एक्स्पोर्ट केलं, तर शेकडो वस्तू एका क्षणात 'गेल्या' असं दिसतं. ओळी पुसल्या असतील तर त्यांच्याशी बांधलेली खरेदीची माहितीही गेली. एक्स्पोर्टच्या सुरुवातीलाच सगळे वर्कसेट उघडे आणि सगळ्या लिंक लोड आहेत का हे स्क्रिप्टने तपासावं, आणि नसतील तर तिथेच थांबावं.

साधन कुठलंही निवडा, पैसे देण्याआधी त्यावर ही परीक्षा घ्या. दहा खोल्यांचं छोटं मॉडेल घ्या, एकदा सिंक करा. मग एका खोलीचा नंबर बदला. दुसरी कॉपी करून वरच्या मजल्यावर ठेवा. तिसरी प्लॅनमधून डिलीट करा. चौथी पुसून त्याच जागी नवीन टाका. एक्सेल दुसऱ्याच कॉलमवर सॉर्ट करा, एका खोलीला ००७ नंबर द्या, फाइल 'सेव्ह ॲज' करून दुसरा टॉवर म्हणून जोडा. पुन्हा सिंक करा आणि फरकांची यादी पाहा. तिथे नंबर बदललेली खोली तीच म्हणून ओळखली गेली पाहिजे, कॉपी नवीन म्हणून वेगळी निघाली पाहिजे, डिलीट केलेली 'नॉट प्लेस्ड'मध्ये दिसली पाहिजे, नव्याने टाकलेली 'ओळख हवी'मध्ये आली पाहिजे, सॉर्टमुळे एकही फरक दिसता कामा नये, ००७ तसाच राहिला पाहिजे आणि दुसऱ्या टॉवरच्या दहा खोल्या पहिल्यावर न लिहिल्या जाता वेगळ्या मोजल्या गेल्या पाहिजेत. लिहिण्याआधी फरकांची यादी दाखवण्याची सोयच ज्या साधनात नाही, ते या परीक्षेलाही बसवू नका.